स्प्लाटूनबद्दल समीक्षक नेमकं काय म्हणाले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निन्टेन्डोच्या या शाईफेकीच्या खेळाबद्दल मला फिरून फिरून तेच प्रश्न येतात. बरेचसे अशा लोकांचे, ज्यांनी कुठेतरी गुणांचा आकडा पाहिलाय आणि तो कमी का किंवा जास्त का, असं त्यांना वाटतंय. म्हणून सगळी उत्तरं एका जागी. एक मुद्दा दोनदा आला असेल, तर दुसऱ्या ठिकाणी फक्त पहिल्याकडे बोट दाखवलंय.

स्प्लाटून म्हणजे काय? मी नावच पहिल्यांदा ऐकतोय.

चार विरुद्ध चार असा ऑनलाइन खेळ. बंदुका आहेत, पण त्यातून गोळीऐवजी रंगीत शाई निघते. मुख्य सामन्याचं नाव टर्फ वॉर. तो तीन मिनिटं चालतो, आणि वेळ संपल्यावर ज्या संघाच्या रंगाने जास्त जमीन माखलेली असेल तो जिंकतो. किती जणांना बाद केलं याला निकालात काही किंमत नाही. खेळाडू 'इंकलिंग' असतो, म्हणजे घटकेत पोरगं, घटकेत माकूल. (हो, मालवणला ताटात येतं तेच.) माकूल होऊन आपल्या शाईत बुडी मारली की सुळकन पुढे सरकता येतं, लपता येतं आणि शाईची टाकीही भरते. दुसऱ्याच्या शाईत पाऊल पडलं की पाय रुततात.

पहिला भाग मे 2015 मध्ये वी यू या यंत्रावर आला. दुसरा जुलै 2017 मध्ये आणि तिसरा सप्टेंबर 2022 मध्ये, दोन्ही निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्रावर.

लांबण लावू नका. गुण किती मिळाले?

अनेक परीक्षणांचे गुण गोळा करून सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पहिल्या भागाला 100 पैकी 81, दुसऱ्याला 83, तिसऱ्यालाही 83.

81 म्हणजे चांगले की बेताचे?

चांगले. मेटाक्रिटिकच्या मोजपट्टीवर खेळांसाठी 75 पासून पुढे हिरवा रंग लागतो आणि 90 पासून पुढे जवळपास एकमुखी कौतुक समजतात. म्हणजे 81 म्हणजे 'आवडला, पण'. या पानाचा निम्मा भाग त्या 'पण'साठी आहे.

एक सवय मात्र सोडा. 81 आणि 83 शेजारी ठेवून 'दुसरा भाग दोन गुणांनी सरस' असं म्हणू नका. हे वजन लावून काढलेले सरासरी आकडे आहेत. प्रत्येक भागाला परीक्षक वेगळे, काळ वेगळा, अपेक्षाही वेगळ्या.

एवढं कौतुक कशाचं झालं? गोंडस दिसतो म्हणून?

दिसण्याचं कौतुक झालंच. ठसठशीत रंग, रबरी हालचाली, रस्त्यावरच्या पोरांची फॅशन, तोरू मिनेगिशी आणि शिहो फुजिई यांचं संगीत. कपड्यांच्या दुकानात चौथ्या पातळीच्या आत पाऊल टाकलंत तर दुकानदार तुम्हाला पुरेसे 'फ्रेश' नाही म्हणून परत पाठवतो. या आगाऊपणावर समीक्षक खूश होते.

पण परीक्षणं सलग वाचली की कळतं, खरी दाद एका नियमाला आहे. एकच शाई पाच कामं करते: ती तुमचा दारूगोळा आहे, रस्ता आहे, लपायची जागा आहे, शत्रूच्या पायातली बेडी आहे आणि शेवटी गुणही तीच. इतर नेमबाजी खेळांत नेम चुकला की गोळी वाया जाते. इथे चुकलेली शाई जमिनीवर पडते आणि तेवढी जमीन तुमची होते. त्यामुळे ज्याचा नेम यथातथाच आहे, त्यालाही संघात खरं काम मिळतं. मोठा रोलर घेऊन कोपरे रंगवत फिरणारा खेळाडू सामना जिंकून देऊ शकतो. नवख्याला पहिल्या दिवशी दार उघडं ठेवणारा आणि मुरलेल्याला शंभराव्या तासालाही पुरून उरणारा खेळ, हे मत बहुतेक परीक्षणांत या ना त्या शब्दांत सापडतं.

निर्मितीची गोष्टही इथे सांगायला हवी. सुरुवातीच्या नमुन्यात इंकलिंग नव्हतेच. तोफूच्या तुकड्यांसारखे साधे ठोकळे एकमेकांवर शाई उडवत होते. मधे ससेही करून पाहिले. माकूल ठरल्यावर मात्र शाई का फेकायची आणि शाईत का लपायचं, या दोन्ही प्रश्नांना आपसूक उत्तर मिळालं. निर्माते हिसाशी नोगामी हे आधी अ‍ॅनिमल क्रॉसिंग या गोंडस खेळमालिकेचे, त्यामुळे 'गोंडसपणा ही यांची खासियतच' असा समज होतो. इथे आधी नियम आला आणि रूप त्याच्या मागून आलं. माझ्या मते हा खेळ टिकला तो म्हणूनच.

गोंडस नेमबाजी आधी नव्हती का? हा पहिलाच का मानतात?

पहिला नव्हेच. 2007 चा टीम फोर्ट्रेस 2 व्यंगचित्रासारखा होता. 2009 मध्ये प्लेस्टेशन 3 वर फॅट प्रिन्सेस आला, ज्यात राजकन्येला केक खाऊ घालून जड करायचं, म्हणजे शत्रूला तिला उचलून नेणं अवघड. 2014 मध्ये प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीजचा गार्डन वॉरफेअर होता. पण या खेळांत गोंडसपणा बव्हंशी वरून चढवलेला आहे. ध्वज पळवणं, ठाणं जिंकणं हे आतले नियम ओळखीचेच राहिले. स्प्लाटूनमध्ये बंदूक चालवण्याचा हेतूच बदलला, म्हणून समीक्षकांनी त्याला वेगळ्या रांगेत बसवलं.

मग टीका कशावर झाली?

मुख्यतः माल कमी असल्यावर. विक्रीला आला त्या दिवशी टर्फ वॉरसाठी एकूण पाच मैदानं होती. त्यातली एका वेळी दोनच चालू असत, आणि ती चार तासांनी बदलत. म्हणजे तुम्हाला रात्री जेवणानंतर दोन तास खेळायचं असेल, तर ते दोन तास त्याच दोन मैदानांवर. क्रमवारीचा प्रकार पहिल्या दिवशी बंद होता आणि काही दिवसांनी उघडला. त्यासाठी दहाव्या पातळीपर्यंत पोचावं लागे.

दुसरी तक्रार मित्रांबरोबर खेळण्याची. मित्राच्या खोलीत शिरता येई, पण दोघं एकाच संघात येतील याची हमी नव्हती. संघानेच खेळायच्या खेळात संघ निवडता येत नाही, हे अजब होतं. त्यावर मी तरी निन्टेन्डोची बाजू घेणार नाही.

मग बारीकसारीक कुरबुरी. शस्त्राबरोबर येणारा बॉम्ब आणि खास अस्त्र ठरलेलं, त्यात अदलाबदल नाही. एका सामन्यानंतर शस्त्र बदलायचं तर खोलीतून बाहेर पडायचं. कपड्यांवरची जास्तीची कौशल्यं नशिबावर. एकाच घरात बसून खेळायचं तर फक्त दोघांचा फुगे फोडण्याचा प्रकार. आणि आवाजी संवाद नाही. त्यावर पुढचाच प्रश्न आहे.

संघाचा खेळ आणि व्हॉइस चॅट नाही? समीक्षकांनी हे चालवून घेतलं?

सगळ्यांनी नाही. सामन्यात सहकाऱ्यांना सांगायला दोनच ठरलेल्या हाका होत्या: एक 'इकडे या', दुसरी शाबासकीची. निर्मात्यांनी मुलाखतींत कारण सांगितलं होतं की ऑनलाइन खेळात अनोळखी लोक शिवीगाळ करतात, नवख्याला हाकलून लावतात, आणि ते त्यांना नको होतं. यावर समीक्षकांत सरळ दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, टर्फ वॉरसारख्या तीन मिनिटांच्या मोकळ्या सामन्यात गरजच नाही. नकाशा बघितला की सगळं कळतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, क्रमवारीच्या सामन्यात डावपेच लागतात, तिथे मुकं ठेवणं हा अन्याय आहे, आणि निदान मित्रांपुरती तरी सोय हवी होती.

दोन्ही म्हणणी खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रकारांबद्दल आहेत. कुठलंही परीक्षण वाचताना लिहिणारा कशात जास्त रमला होता ते आधी बघा. दुसऱ्या भागात निन्टेन्डोने सोय दिली, पण फोनवरच्या वेगळ्या अ‍ॅपमधून. त्याची जी थट्टा झाली ती 'दुसऱ्या भागाला दीड' या प्रश्नात.

कंट्रोलर हलवून नेम धरायचा, हे लोकांना आवडलं की नाही?

पहिल्या आठवड्यात पुष्कळांना नाही. वी यूचा गेमपॅड हा भलामोठा, मधे पडदा असलेला प्रकार, आणि तो वर-खाली झुकवून नेम धरायचा. बऱ्याच जणांनी ते बंद करून अंगठ्याने फिरवायच्या काडीवरच खेळणं पसंत केलं, आणि तसा पर्याय होताही. पण थोडे दिवस कळ काढणाऱ्यांचं मत बदललं. आज या मालिकेतले मुरलेले खेळाडू बहुतेक हलवूनच नेम धरतात. मला स्वतःला सवय व्हायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात मी संघाचं भरपूर नुकसान केलं.

गेमपॅडच्या पडद्यावरचा नकाशा मात्र सुरुवातीपासून वाखाणला गेला. सहकाऱ्याच्या चित्रावर बोट ठेवलं की थेट त्याच्यापाशी उडी. वी यूच्या दुसऱ्या पडद्याचा इतका चपखल उपयोग फार कमी खेळांनी केला.

एकट्याने खेळायचा भाग कसा होता? त्याची कुणी दखल घेतली का?

घेतली, आणि बहुतेकांनी 'छोटा पण छान' म्हटलं. ऑक्टोपसांशी लढायच्या मोहिमा आहेत. त्या मारिओच्या धर्तीवर एकेक कल्पना घेऊन येतात, आणि शेवटची डीजे ऑक्टेव्हिओशी लढत अनेकांना खेळातली सर्वांत झकास गोष्ट वाटली. तक्रार एवढीच की लवकर संपतो. त्यात काही आव्हानं अमीबोच्या बाहुल्यांमागे कुलूपबंद होती. वेगळे पैसे मोजून बाहुली आणायची आणि त्याच मोहिमा वेगळ्या शस्त्राने खेळायच्या, हे कुणालाच फारसं पटलं नाही.

या बाजूने मालिकेचं सर्वाधिक नाव झालं ते 2018 च्या ऑक्टो एक्स्पान्शनमुळे. दुसऱ्या भागाची ती विकतची पुरवणी. अवघड, विचित्र, भुयारी रेल्वेत घडणारी. 'हाच मूळ खेळात का नव्हता?' असं कौतुक तिला मिळालं.

काही परीक्षणांत सुरुवातीला गुणच नव्हते, 'अंतिम मत नंतर' असं लिहिलं होतं. का?

कारण ऑनलाइन खेळाचं परीक्षण विक्रीपूर्वी करणं म्हणजे जत्रा भरायच्या आदल्या दिवशी मैदान बघून येणं. समीक्षकांना खेळ आधी मिळतो, पण तेव्हा सर्व्हरवर मूठभर माणसं असतात. हजारोंची गर्दी झाल्यावर जोडणी तुटते का, जोड्या बरोबरीच्या लागतात का, हे तेव्हा कळत नाही. त्यात स्प्लाटूनचे काही प्रकार तर तेव्हा उघडलेलेच नव्हते. मेच्या सुरुवातीला निन्टेन्डोने जगभर तासा-तासाच्या चाचणी फेऱ्या घेतल्या होत्या, पण तासाभरात चव कळते, पोट भरतं का ते कळत नाही.

नंतर एवढी भर पडली, तरी गुण वाढले का नाहीत?

याच गोंधळावर सर्वांत जास्त प्रश्न येतात, म्हणून जरा सविस्तर.

मेटाक्रिटिकचा नियम असा की एखाद्या प्रकाशनाने पहिल्यांदा जाहीर केलेले गुणच धरायचे. परीक्षकाने तीन महिन्यांनी मत बदललं, लेख सुधारला, तरी तिथला आकडा हलत नाही. त्यामुळे 81 हा मे-जून 2015 च्या खेळाचा आकडा आहे. त्यानंतर काय झालं ते बघा. जूनपासूनच नवी मैदानं आणि शस्त्रं फुकट येऊ लागली. मनोऱ्यावर चढून तो पुढे नेण्याचा टॉवर कंट्रोल आला. ऑगस्टच्या मोठ्या भरीत मित्रांसोबत ठरवून एका संघात खेळण्याची आणि खासगी सामन्यांची सोय झाली, आणि पातळीची मर्यादा 20 वरून 50 झाली. रेनमेकर हा प्रकारही त्याच महिन्यात आला. शेवटी मैदानांची संख्या 16 झाली.

म्हणजे 'टीका कशावर झाली?' या उत्तरातल्या मोठ्या तक्रारींपैकी दोन, मैदानं कमी आणि मित्रांचा संघ नाही, ऑगस्टपर्यंत बऱ्याच अंशी मिटल्या. लोकांच्या आठवणीतला स्प्लाटून हा ऑगस्टनंतरचा आहे आणि गुणपत्रक मेचं. या दोन्हींत फरक पडणारच.

याचा अर्थ मेचे समीक्षक चुकले असा मात्र घेऊ नका. ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्याला पाच मैदानंच मिळाली होती. पुढे भर पडणार आहे हे आश्वासन होतं, आणि आश्वासनाला गुण द्यायचे नसतात.

जपानमध्ये वेगळी प्रतिक्रिया होती का?

टीकेचे मुद्दे तेच, पण लोकप्रियतेचा पल्ला फार मोठा. तिथे हा खेळ मुलांच्या रोजच्या गप्पांचा भाग झाला. खेळात बातम्या देणाऱ्या गायिकांची जोडी आहे, जपानीत आओरी आणि होतारु, इंग्रजीत कॅली आणि मरी. दोन्ही जपानी नावं माकुलांच्या जातींवरून. जानेवारी 2016 मध्ये त्यांची चित्रं मंचावर उभी करून चक्क गाण्यांची मैफल झाली आणि ती गाजली. स्प्लॅटफेस्ट म्हणजे खेळाडूंनी एक बाजू निवडून तिच्यासाठी लढायचा उत्सव. जुलै 2016 च्या शेवटच्या स्प्लॅटफेस्टमध्ये या दोघींपैकी एक निवडायची होती. मरी जिंकली, आणि दुसऱ्या भागाची कथा त्या निकालावर उभी राहिली. खेळाडूंच्या कौलावर पुढच्या खेळाची कथा बेतायची ही पद्धत समीक्षकांनाही भावली.

पुरस्कार मिळाले का?

मिळाले. 2015 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नेमबाजी खेळ आणि सर्वोत्तम बहुखेळाडू खेळ असे दोन. नेमबाजीत हॅलो आणि कॉल ऑफ ड्यूटी ही घराणी असताना माकुलांनी बाजी मारली, यावर बराच काळ विनोद चालले. 2016 च्या जपान गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोच्च पुरस्कार. 2022 मध्ये तिसऱ्या भागाला पुन्हा द गेम अवॉर्ड्सचा बहुखेळाडू पुरस्कार.

वी यू आपटला, म्हणजे पहिला स्प्लाटूनही आपटलाच ना?

नाही. वी यूची एकूण विक्री 1 कोटी 35 लाखांच्या आसपास थांबली. त्यावर स्प्लाटून जवळपास 49 लाख 50 हजार विकला गेला. म्हणजे यंत्र घेणाऱ्या तीनांपैकी एकाहून थोड्या जास्त लोकांनी हा खेळ घेतला. बुडत्या जहाजावर नवीन नावाच्या खेळाने एवढं करणं सोपं नव्हतं. स्विचवर दुसरा भाग 1 कोटी 30 लाखांच्या पुढे गेला. तिसऱ्याच्या तर जपानातच पहिल्या तीन दिवसांत 34 लाख 50 हजार प्रती गेल्या.

दुसऱ्या भागाला 'दीड' का म्हणत होते?

कारण पहिल्या नजरेला तो तोच दिसत होता: तेच शहर, तोच टर्फ वॉर. वी यू फार कमी घरांत असल्यामुळे बहुतेकांसाठी हा पहिलाच स्प्लाटून होता आणि त्यांना काही खटकलं नाही. 'दीड'ची हाकाटी पहिला भाग खेळलेल्यांची. दुहेरी पिस्तुलं आली, सॅमन रन हा चौघांनी मिळून लाटा परतवण्याचा प्रकार आला, मैदानं चारऐवजी दोन तासांनी बदलू लागली.

आणि मग निन्टेन्डोचा हट्टीपणा. सॅमन रन ऑनलाइन ठरावीक वेळीच उघडा. इतका चांगला प्रकार बनवायचा आणि दाराला वेळापत्रक लावायचं! खेळ सुरू करताना पर्ल आणि मरीना या नव्या बातमीदार मैदानांची बातमी सांगणार, ती टाळता येत नाही. नकाशा आता बटण दाबून उघडायचा आणि तो पडदा झाकणार. शस्त्र बदलायला अजूनही खोलीबाहेर जायचं. आणि व्हॉइस चॅट फोनच्या अ‍ॅपमधून, तेही सुरुवातीला फोनवर दुसरं काही उघडलं की तुटायचं. एका हातात यंत्र, कानात एका बाजूने खेळ आणि दुसरीकडून फोन. एवढं असूनही 83, यावरून मूळ खेळ किती भक्कम होता ते समजा.

तिसऱ्या भागात हे सुधारलं का?

बरंचसं. सॅमन रन कायम उघडा, सामन्यांच्या मधे लॉबीतच शस्त्र बदलता येतं, थांबलेल्या वेळात सराव करता येतो, बातमी बाजूला सारून चालू लागता येतं. समीक्षकांचा सूर 'सर्वांत परिपूर्ण स्प्लाटून, आणि म्हणूनच सर्वांत कमी धक्का देणारा' असा होता. सुरुवातीच्या दिवसांत जोडणी तुटण्याचा त्रास झाला, त्यावर ओरड झाली.

तिरंगी लढतीबद्दल वेगळं विचारतात, म्हणून थोडक्यात. स्प्लॅटफेस्टमध्ये तीन संघ, आघाडीवरच्या संघाचे चौघं मधे आणि बाकी दोन संघांचे दोन-दोन दोन्ही बाजूंनी. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात मधल्यांना दोन्हीकडून मार, आणि आघाडी मिळवल्याची ही शिक्षा कशाला, असं खेळाडू विचारू लागले. पुढे तिच्यात दुरुस्त्या झाल्या. विक्रीच्या आठवड्यातल्या परीक्षणांत याबद्दल जवळपास काहीच सापडणार नाही, कारण तेव्हा ती नीट खेळायलाच मिळाली नव्हती. 'गुण वाढले का नाहीत' हा प्रश्न इथेही लागू.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. परीक्षणांत हिंसेबद्दल काही म्हटलंय का?

युरोपातलं वर्गीकरण 7 वर्षांपुढे, अमेरिकेतलं 10 वर्षांपुढे. रक्त नाही. बाद झालेला खेळाडू शाईचा फुगा फुटावा तसा फुटतो आणि काही सेकंदांत परत येतो. पालकांसाठी लिहिणाऱ्यांनी व्हॉइस चॅट नसण्याला उलट गुण दिले, हे 'संघाचा खेळ आणि व्हॉइस चॅट नाही?' या उत्तराला जोडून वाचा. हरल्यावर होणारी चिडचिड मात्र कुठल्याच वर्गीकरणात येत नाही. माझा भाचा साक्षीला आहे.

भारतात बसून परदेशी परीक्षणांवर विसंबावं का?

खेळाच्या गुणदोषांबद्दल, हो. जोडणीबद्दल, नाही. स्विचची भारतात अधिकृत विक्री नव्हती, त्यामुळे इथले बहुतेक स्विच कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा आयात करणाऱ्या दुकानातून आलेले. परीक्षक टोकियो, लंडन, न्यूयॉर्कच्या जोडणीवर खेळतो. तुमच्या गल्लीतल्या वायफायचा त्याला पत्ता नाही. शक्य असेल तर तार लावून खेळा, आणि ऑनलाइन सामन्यांसाठी वर्गणी लागते हे खर्चात धरा.

पहिल्या भागाची परीक्षणं वाचून तो आता घ्यावा का?

ऑनलाइनसाठी नाही. एप्रिल 2024 मध्ये वी यूची ऑनलाइन सेवा बंद झाली. ज्याला 81 गुण मिळाले होते तो टर्फ वॉर अधिकृतपणे आता कुणालाच खेळता येत नाही. चाहत्यांनी उभारलेले पर्यायी सर्व्हर आहेत, पण ती ज्याची त्याची जबाबदारी. उरतो तो एकट्याचा भाग आणि घरातला फुगे फोडण्याचा खेळ, म्हणजे नेमक्या त्याच दोन गोष्टी ज्यांना समीक्षकांनी 'छोटा' आणि 'तोकडा' म्हटलं होतं. जुना वी यू घरात पडून असेल आणि डिस्क स्वस्तात मिळत असेल, तर डीजे ऑक्टेव्हिओसाठी घ्या. नाहीतर सरळ तिसरा भाग.